यादीतला लांडगा

ओरेगन राज्याच्या पूर्व भागातून ३९५ क्रमांकाचा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो. दोन्ही अंगांना माळ, खुरटी झुडपं, मध्येच तारेचं कुंपण घातलेली गुरांची कुरणं. या रस्त्याच्या मधोमध रंगवलेल्या रेषेला लांडग्यांच्या बाबतीत कायद्याचं बळ आहे. रेषेच्या पूर्वेला उभा असलेला लांडगा केंद्र सरकारच्या लेखी साधा वन्यप्राणी. त्याचं काय करायचं ते राज्याने पाहावं. तोच लांडगा रस्ता ओलांडून पश्चिमेला आला की संकटग्रस्त प्रजातीतला होतो, आणि त्याला गोळी घालणाऱ्यावर केंद्राच्या कायद्याखाली खटला भरता येतो. पुढे दक्षिणेकडे हा मान आधी ७८ आणि मग ९५ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो. सरकारी नियमात शब्द आहेत ते अगदी असेच, ‘मध्यरेषेच्या पूर्वेला’.

ही रेघ लांडग्यांच्या वाटा पाहून ओढलेली नाही. कुठेतरी ती ओढणं भाग होतं आणि महामार्ग नकाशावर चटकन सापडतो, एवढंच. पण ओढणं भाग का पडलं, हे समजून घ्यायचं तर पन्नास वर्षांची कोर्टकचेरी उलगडावी लागते. गंमत अशी, की या कोर्टकचेरीत लांडगा काय खातो, किती पिल्लं घालतो, किती मैल चालतो यावर फारसं भांडण नाहीच. भांडण आहे ते ‘आता पुरेसे झाले’ हे म्हणायचा अधिकार कोणाचा, यावर.

अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजाती कायदा २८ डिसेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने झाला. अंतिम मसुद्याच्या बाजूने प्रतिनिधीगृहात ३५५ मतं पडली, विरोधात चार. सिनेटमध्ये तर विरोधच नव्हता. मतं देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टकला गरुड होता, देवमासा होता. आपण किती धारदार हत्यार हातात घेतो आहोत याची कल्पना त्यातल्या बहुतेकांना नसावी. ती आली १९७८ साली. टेनेसी राज्यातलं टेलिको धरण जवळजवळ बांधून झालं होतं, आणि बोटभर लांबीच्या स्नेल डार्टर या माशासाठी सर्वोच्च न्यायालयाने ते अडवलं. पैसे किती बुडाले हा प्रश्न या कायद्यात बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे काँग्रेसने वेगळा कायदा करून धरण पुरं करून घेतलं. ही युक्ती लक्षात ठेवायला हवी. लांडग्यांच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

या कायद्याची दोन कलमं आपल्या कामाची आहेत. पहिलं म्हणजे, एखादी प्रजाती यादीत घालायची की काढायची हे फक्त उपलब्ध शास्त्रीय माहितीवर ठरवायचं. लोकांची नाराजी, गुरांचं नुकसान, निवडणुका यांना तिथे जागा नाही. दुसरं, कुणीही नागरिक सरकारला कोर्टात खेचू शकतो. सरकारने यादीतून प्राणी काढला की पर्यावरण संस्था खटला भरतात, नाही काढला की पशुपालक आणि राज्यं भरतात. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस हे केंद्राचं वन्यजीव खातं त्यामुळे कायम प्रतिवादीच्या बाकावर.

आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदा या कायद्याहून एका वर्षाने मोठा, १९७२ चा. महाराष्ट्राच्या माळरानावरचा लांडगा त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेंढरं मारली म्हणून त्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकही देऊ शकत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच. धनगराला नुकसानभरपाई मिळते, ती वेळेवर मिळते की नाही हा वेगळा विषय. पण आपल्या कायद्यात ‘अमुक इतके झाले की अनुसूचीतून बाहेर’ असा हिशेब नाही. अमेरिकन कायद्याची सगळी मांडणीच अशी, की प्राण्याने यादीत यावं, बरं व्हावं आणि निघून जावं. इस्पितळात जसा दाखल होताना कुणी घासाघीस करत नाही, डिस्चार्जच्या दिवशी मात्र डॉक्टर, नातेवाईक आणि विमा कंपनी यांचं एकमत होत नाही, तसं लांडग्याचं झालं.

दाखल होण्याची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती दुःखद असली तरी गुंतागुंतीची नाही. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी लांडग्यांवर इनामं लावली. १९१५ पासून केंद्र सरकारने पगारी शिकारी नेमले. बंदूक, सापळे आणि स्ट्रिक्निनचं विष. यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान, पण तिथेही लांडगे सरकारनेच संपवले. शेवटचे १९२६ साली. १९७० च्या दशकात, अलास्का सोडता, लांडग्यांची टिकून राहिलेली मोठी वस्ती फक्त मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या जंगलात उरली होती. १९७८ मध्ये मिनेसोटा वगळून खालच्या ४८ राज्यांतला करडा लांडगा एकगठ्ठा संकटग्रस्त ठरला. मिनेसोटात त्याला एक पायरी खालचा दर्जा मिळाला. ‘४८ राज्यं एकगठ्ठा’ ही तेव्हाची कारकुनी सोय पुढे चाळीस वर्षं वकिलांना पुरली.

यलोस्टोनमध्ये लांडगे परत आणायचं ठरलं तेव्हा पशुपालकांना चुचकारण्यासाठी कायद्याच्या १९८२ च्या दुरुस्तीचा आधार घेतला गेला. बाहेरून आणून सोडलेल्या प्राण्यांना ‘प्रायोगिक गट’ म्हणायचं, म्हणजे त्यांचं संरक्षण थोडं सैल करता येतं. स्वतःच्या जमिनीवर लांडगा गुरावर तुटून पडलेला दिसला तर मालक त्याला गोळी घालू शकतो. तडजोड बरी होती. अट एकच: हा गट नैसर्गिकरीत्या असलेल्या लांडग्यांपासून भौगोलिकदृष्ट्या पूर्ण वेगळा हवा.

१२ जानेवारी १९९५ रोजी कॅनडातल्या अल्बर्टामधून आणलेल्या लांडग्यांचे पहिले पिंजरे यलोस्टोनच्या दगडी कमानीखालून आत आले. रस्त्याकडेला शाळेची मुलं उभी होती. गृहखात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट आणि वन्यजीव खात्याच्या संचालक मॉली बीटी यांनी बर्फातून एक पिंजरा स्वतः उचलून नेला. या बॅबिटसाहेबांचं खातं तिकडे ‘इंटीरियर’ म्हणवतं; पोलीस-बंदोबस्ताशी त्याचा संबंध नाही, जमिनी आणि जंगलं त्याच्याकडे. फोटो निघाले. पण पिंजऱ्यांची दारं उघडता येईनात, कारण वायोमिंगच्या शेतकरी संघटनेच्या अर्जावर अपील न्यायालयाने स्थगिती दिली होती. धातूच्या अरुंद खोक्यात लांडगे अंग वळवायलाही जागा नसताना पडून राहिले, आणि स्थगिती उठली ती संध्याकाळी. रात्री दारं उघडली गेली. मार्चमध्ये कुंपणातून मोकळं सोडायची वेळ आली तर लांडगे फाटकाच्या जवळ फिरकेनात. माणसं त्याच बाजूने येत-जात होती ना. शेवटी मागच्या बाजूची जाळी कापून भोक पाडावं लागलं. दोन हिवाळ्यांत यलोस्टोनमध्ये ३१ आणि मध्य आयडाहोत ३५ लांडगे सोडले गेले.

एप्रिल १९९५ मध्ये त्यातला दहा नंबरचा नर मोंटानातल्या रेड लॉजजवळ मारला गेला. त्याची जोडीदारीण, नऊ नंबर, तेव्हा विणार होती. तिने आठ पिल्लं घातली आणि सगळ्यांना उचलून परत कुंपणात आणावं लागलं. मारणाऱ्याचा बचाव असा, की मला ते कुत्रं वाटलं. ज्यूरीने दोषी ठरवलं, अपीलातही ते टिकलं. मात्र त्यानंतर केंद्राच्या न्याय खात्याने धोरणच बदललं: आरोपीला हा लांडगाच आहे हे ठाऊक होतं, असं सिद्ध करता येणार असेल तरच खटला भरायचा. ‘मला कोयोटी, म्हणजे तिकडचा कोल्हा, वाटला’ हे उत्तर त्या दिवसापासून पश्चिमेत चलनी नाणं झालं. कायद्यात एक अक्षर बदललं नाही आणि तरी कायदा बराच पातळ झाला.

मग १९९७ च्या डिसेंबरात वायोमिंगमधले न्यायाधीश विल्यम डाउन्स यांनी निकाल दिला की ही सगळी योजनाच बेकायदा आहे. कारण? कॅनडातून काही लांडगे आपल्या पायांनी आयडाहोत येत होते. त्यांना पूर्ण संरक्षण, सोडलेल्यांना सैल. आणि दोघे एकाच जंगलात. ‘पूर्ण वेगळा’ ही अट कुठे राहिली? या खटल्यात शेतकरी संघटना आणि काही पर्यावरण संस्था शेवटी एकाच मुद्द्यावर येऊन बसल्या होत्या. एकीला लांडगे नको होते, दुसरीला आपोआप आलेल्यांचं संरक्षण सैल व्हायला नको होतं. न्यायाधीशांनी सोडलेले लांडगे आणि त्यांची पिल्लं हटवण्याचा हुकूम दिला, आणि अपीलाचा निकाल लागेपर्यंत स्वतःच तो थांबवून ठेवला. जानेवारी २००० मध्ये तो रद्द झाला. मधल्या काळात लांडग्यांनी आणखी पिल्लं घातली.

आता आकड्यांकडे येऊ. १९८७ च्या पुनर्वसन आराखड्यात म्हटलं होतं की मोंटाना, आयडाहो आणि यलोस्टोन या तिन्ही भागांत दहा-दहा प्रजननक्षम जोड्या सलग तीन वर्षं टिकल्या की काम झालं. पुढे याचाच अर्थ तीस जोड्या आणि किमान ३०० लांडगे असा घेतला गेला. हे उद्दिष्ट २००२ च्या अखेरीस पुरं झालं. अपेक्षेपेक्षा फार लवकर. शास्त्रज्ञांनी ३०० हा तळ म्हणून धरला होता, याच्या खाली जाऊ नये म्हणून. राज्यांच्या राजकारण्यांनी तो छत म्हणून वाचला. या एका आकड्याभोवती पुढची वीस वर्षं फिरली, आणि माझ्या मते मूळ दोष तिथेच आहे. आराखडा लिहिताना तिथे लांडगे जवळपास नव्हतेच, त्यामुळे ‘किती पुरे’ हे कुणीही काळजीपूर्वक विचारलं नव्हतं.

२००८ च्या फेब्रुवारीत खात्याने उत्तर रॉकीज पर्वतराजीतल्या लांडग्यांचा स्वतंत्र गट पाडून तो यादीतून काढला. ओरेगनमधली रस्त्याची मध्यरेषा ही या गटाची सीमा. बारा पर्यावरण संस्था मोंटानात मिझुलाच्या कोर्टात गेल्या, आणि न्यायाधीश डोनाल्ड मोलॉय यांनी जुलैमध्ये निर्णयाला स्थगिती दिली. खात्याने स्वतःच पूर्वी म्हटलं होतं की वेगवेगळ्या भागांतल्या लांडग्यांचा आपापसांत संकर व्हायला हवा. यलोस्टोनमध्ये तो होतो आहे याचा पुरावा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. शिवाय वायोमिंगचा कायदा. त्या राज्याने यलोस्टोनभोवतीचा वायव्य कोपरा सोडून उरलेल्या बहुतेक भूभागात लांडग्याला ‘उपद्रवी प्राणी’ ठरवलं होतं. तिथे परवाना नको, हंगाम नको, मर्यादा नको.

हे कलम कागदावर कसं दिसतं आणि जमिनीवर कसं, याचं एक उदाहरण फार पुढचं, २०२४ चं आहे. वायोमिंगमधल्या एका गावात एकाने बर्फावर चालणाऱ्या गाडीने लांडगा चिरडला, अर्धमेल्या अवस्थेत त्याला गावच्या बारमध्ये आणलं आणि मग मारलं. त्याला सुरुवातीला दंड झाला २५० डॉलर, आणि तो जिवंत वन्यप्राणी बाळगल्याबद्दल. मारल्याबद्दल दंड लावायला कायद्यात जागाच नव्हती. देशभर बभ्रा झाल्यावर पुढे क्रूरतेच्या गुन्ह्याचीही कारवाई सुरू झाली.

तर, २००९ मध्ये खात्याने वायोमिंगला बाजूला ठेवून बाकीच्या राज्यांतले लांडगे यादीतून काढले. मोंटाना आणि आयडाहोत त्या शरद ऋतूत पहिला अधिकृत शिकारीचा हंगाम झाला. मोंटानात ७२ आणि आयडाहोत १८८ लांडगे मारले गेले. ५ ऑगस्ट २०१० रोजी मोलॉय यांनी हाही निर्णय उलटवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कायदा म्हणतो, गट हा एक घटक आहे. तो संकटात आहे किंवा नाही. राज्याच्या हद्दीवर त्याचे दोन तुकडे करून अर्धा यादीत आणि अर्धा बाहेर ठेवण्याची सोय कायद्यात नाही. ती राजकारणाची सोय आहे.

कायदा वाचून पाहिला तर हा निकाल बरोबर वाटतो. पण त्या वर्षाअखेर उत्तर रॉकीजमध्ये किमान १६५१ लांडगे होते, उद्दिष्टाच्या पाचपट. कुरणावर राहणाऱ्या माणसाला याचं समर्थन कसं करून सांगणार? आणि त्याची बाजू ऐकायलाच हवी. देशभरातल्या गुरांच्या एकूण मृत्यूंत लांडग्याचा वाटा नगण्य आहे हे खरं, पण ते नुकसान देशभर सारखं वाटलं जात नाही. ठरावीक खोऱ्यांतल्या ठरावीक कळपांवर ते कोसळतं. भरपाईसाठी ‘लांडग्यानेच मारलं’ हे सिद्ध व्हावं लागतं. सरकारी माणूस येतो, मेलेल्या वासराचं कातडं सोलतो आणि दातांच्या खुणांखाली रक्त साकळलंय का ते पाहतो. साकळलं असेल तर चावा घेतला तेव्हा वासरू जिवंत होतं. नसेल तर आधीच मेलेलं कुणीतरी खाल्लं. डोंगरात चरायला सोडलेली गुरं महिनाभर कुणाच्या नजरेस पडत नाहीत. तोवर अस्वलं, कोयोटी आणि डोमकावळे पुरावा फस्त करतात. कित्येक वासरं नुसती हिशेबाला कमी भरतात. अशा माणसाला ‘गट हा एक घटक आहे’ हे वाक्य ऐकवून काय उपयोग?

मोंटानाचे सिनेटर जॉन टेस्टर स्वतः शेतकरी, डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि २०१२ ला निवडणुकीला उभे राहणार होते. समोर रिपब्लिकन डेनी रेहबर्ग. ते देशभरातल्या सगळ्या लांडग्यांचं संरक्षण काढायचं म्हणत होते. सिनेटमध्ये कुणाचं बहुमत राहील हे अशा दोन-चार जागांवर ठरणार होतं. पर्यावरण संस्थांनाही वारं कुठे वाहतंय ते कळलं. खटल्यातल्या १४ पैकी दहा संस्थांनी २०११ च्या मार्चमध्ये सरकारशी तडजोड केली: मोंटाना आणि आयडाहोत संरक्षण सोडतो, पण कायद्याला हात लावू नका. मोलॉय यांनी ती नाकारली. उरलेल्या चार संस्थांना ती मान्य नव्हती आणि बेकायदा गोष्ट दोन पक्षकारांच्या संमतीने कायदेशीर होत नाही, एवढी त्यांची भूमिका ठाम होती.

काही दिवसांतच सरकार बंद पडू नये म्हणून घाईने आणलेल्या अर्थसंकल्पी विधेयकाला टेस्टर आणि आयडाहोचे रिपब्लिकन प्रतिनिधी माइक सिम्पसन यांनी एक छोटं कलम जोडलं. कलम १७१३. २००९ चा नियम साठ दिवसांच्या आत पुन्हा काढा, इतर कोणताही कायदा आड येऊ देऊ नका, आणि या नियमाचा न्यायालयात पुनर्विचार होणार नाही. संरक्षण खात्याच्या आणि सैनिकांच्या पगाराच्या तरतुदींमध्ये लांडगा! १५ एप्रिल २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केली. काँग्रेसने स्वतः होऊन एखादा प्राणी यादीतून काढण्याची ही पहिलीच वेळ. टेस्टर निवडून आले.

संस्था पुन्हा मोलॉय यांच्याकडे गेल्या. चालू खटल्याचा निकाल काँग्रेसने असा फिरवणं म्हणजे न्यायसंस्थेच्या अधिकारावर अतिक्रमण आहे, असं त्यांनी निकालपत्रात स्पष्ट लिहिलं. वरिष्ठ न्यायालयाच्या जुन्या निर्णयांनी हात बांधले नसते तर हे कलम घटनाबाह्य ठरवलं असतं, असंही लिहिलं. आणि कलम कायम केलं.

पर्यावरणवाद्यांचा २०१० चा विजय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा विजय वाटतो. खटला जिंकणं आणि लांडगा जिंकणं एकच नव्हे, हे त्यांच्यातल्या दहा संस्थांनी ओळखलं होतं, पण वेळ टळून गेल्यावर. एका प्राण्यासाठी विज्ञानाचं दार बाजूला सारून काँग्रेसने मागचं दार दाखवलं. मग त्या दाराने जाण्याचे प्रयत्न होतच राहिले. २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रतिनिधीगृहाने २०९ विरुद्ध २०५ मतांनी विधेयक मंजूर केलं, की देशभरातला करडा लांडगा यादीतून काढा आणि कोर्टाने त्यात लक्ष घालू नये. विधेयकाचं नाव होतं ‘ट्रस्ट द सायन्स ॲक्ट’. विज्ञानावर विश्वास ठेवा, पण कुणी तपासायला जाऊ नका!

पूर्वेकडे, मिशिगन-विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या सरोवर प्रदेशात याच नाटकाचे वेगळे अंक चालू होते. तिथला गट यादीतून काढणं आणि कोर्टाने परत घालणं, असं अनेकदा झालं. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं: ४८ राज्यांच्या यादीतून बरा झालेला तुकडा कापून काढता, मग उरलेल्याचं काय? आणि लांडगा पूर्वी जिथे होता आणि आता नाही, त्या प्रदेशाचा विचार कुठे केला? यावर ट्रम्प सरकारने २०२० च्या निवडणुकीच्या काही दिवस आधी, मेक्सिकन लांडगा वगळून, सगळाच लांडगा यादीतून काढला. तुकड्यांचा प्रश्नच मिटला.

विस्कॉन्सिनमध्ये राज्याचा कायदा होता की लांडगा केंद्राच्या यादीत नसेल तर हिवाळ्यात शिकारीचा हंगाम घ्यावाच लागेल. राज्याच्या वन्यजीव खात्याला तयारीला वेळ हवा होता. एका शिकारी संघटनेने कोर्टातून आदेश आणला आणि फेब्रुवारी २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात हंगाम सुरू झाला. मर्यादा २०० लांडग्यांची, त्यातले ८१ ओजिब्वे आदिवासींच्या वाट्याचे. एकोणिसाव्या शतकातल्या करारांत त्यांनी सरकारला सोडून दिलेल्या मुलखात निम्म्या शिकारीचा हक्क त्यांचा. ओजिब्वेंच्या कथेत लांडगा, त्यांचा ‘माइंगन’, हा पहिल्या माणसाचा भाऊ. त्यांनी आपला वाटा न मारण्यासाठीच घेतला होता. उरलेल्या ११९ साठी परवाने मंजूर झाले वीसपट. बर्फात ठसे ताजे, शिकारी कुत्री सोडलेली, आणि हंगाम बंद करायचा तर २४ तासांची पूर्वसूचना द्यायची असा नियम. तीन दिवसही पुरते झाले नाहीत तोवर २१८ लांडगे मारले गेले. ओजिब्वेंचा वाटाही त्यात गेला. १० फेब्रुवारी २०२२ रोजी ओकलंडचे न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी २०२० चा नियम रद्द केला. बायडेन सरकारने त्या नियमाचा कोर्टात बचाव केला होता, हेही नोंदवायला हवं. लांडग्याच्या बाबतीत पक्षांच्या रेषा वाटतात तितक्या सरळ नाहीत.

उत्तर रॉकीजला मात्र व्हाइट यांचा निकाल लागू नव्हता. तिथे काँग्रेसचं कलम. म्हणूनच महामार्गाची मध्यरेषा.

रेषेच्या त्या बाजूला २०२१ मध्ये मोंटाना आणि आयडाहोच्या विधिमंडळांनी कायदे बदलले. फास, आमिष, खासगी जमिनीवर रात्रीची शिकार यांना मोकळीक मिळाली. आयडाहोत तर एका माणसाने किती मारायचे यावरची मर्यादाच गेली. यलोस्टोनच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या पट्ट्यातली वेगळी मर्यादा मोंटानाने काढून टाकली, आणि त्या हिवाळ्यात उद्यानाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलेले यलोस्टोनच्या टोळ्यांतले २५ लांडगे मारले गेले. उद्यानातल्या एकूण लांडग्यांचा जवळपास पाचवा हिस्सा. उद्यानातले हे प्राणी माणसांना सरावलेले. दुर्बिणी लावून बसलेल्या पर्यटकांसमोर आयुष्य काढलेले. मोंटानाचे राज्यपाल ग्रेग जियनफोर्ट यांनी त्याच वर्षी यलोस्टोनबाहेर गळ्यात रेडिओ कॉलर असलेला लांडगा सापळ्यात धरून मारला होता. त्यांना लेखी ताकीद मिळाली; सापळे लावण्यापूर्वी राज्याचा सक्तीचा प्रशिक्षण वर्ग त्यांनी केला नव्हता म्हणून.

कोलोरॅडोने उलटी वाट धरली. तिथे लांडगे आणायचे की नाही हे नोव्हेंबर २०२० मध्ये थेट जनमताला घातलं गेलं आणि प्रस्ताव ५०.९ टक्क्यांवर निसटता पास झाला. होकार मुख्यतः डेन्व्हर-बोल्डरच्या शहरी पट्ट्याचा. लांडगे सोडायचे होते त्या पश्चिम उतारावरच्या जिल्ह्यांनी बहुतेक नकार दिला. वायोमिंग, मोंटाना, आयडाहो यांनी लांडगे द्यायला नकार दिला, मग ओरेगनमधून दहा आणले गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये सोडले. मारल्या गेलेल्या जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाई ठरली. शास्त्राने नाही, न्यायाधीशाने नाही, काँग्रेसनेही नाही, मतपेटीने ठरवलं. ही पद्धत जास्त लोकशाहीवादी आहे की फक्त शहरवादी, यावर तिथल्या कुरणांवर एकच उत्तर मिळेल.

२०२१ च्या कायद्यांनंतर संस्थांनी उत्तर रॉकीजचा लांडगा पुन्हा यादीत घ्या असा अर्ज केला. खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला. प्रकरण फिरून मिझुलात, मोलॉय यांच्याच कोर्टात आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी खात्याचा नकार रद्द करून पुन्हा विचार करायला सांगितलं. यावेळी घासाघीस जोड्यांवर किंवा राज्यांच्या हद्दींवर नव्हती, मोजणीवर होती. लांडगे मोजतात कसे? पूर्वी बरेच लांडगे कॉलर लावून, विमानातून पाहून, टोळीटोळीने मोजले जात. संख्या वाढल्यावर ते परवडेना. मोंटाना आता शिकाऱ्यांना फोन करून विचारतं, हरणांच्या हंगामात लांडगे दिसले का, कुठे दिसले. त्यावरून लांडग्यांनी व्यापलेलं क्षेत्र काढायचं, त्याला एका टोळीच्या सरासरी हद्दीने भागायचं आणि टोळीच्या सरासरी आकाराने गुणायचं. आयडाहो जंगलात लावलेल्या शेकडो कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून हिशेब करत होतं. शिकार वाढली की टोळ्या फुटतात, लहान होतात, हद्दी बदलतात. सरासरी जुनीच राहिली तर कागदावरचे लांडगे जंगलातल्यांपेक्षा जास्त भरू शकतात, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं, आणि खात्याने त्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही असा मोलॉय यांचा ठपका. आयडाहोने २०२३ च्या आराखड्यात राज्यातले लांडगे १३०० च्या आसपासवरून सुमारे ५०० वर आणायचं ठरवलं आहे. मोजणीत चूक असेल, तर हे ५०० कुठल्या आकड्यापासून खाली यायचे आहेत, हे खात्याला आता कोर्टाला पटेल असं सांगावं लागणार आहे.